नोटीस भिंतीवर, पत्ता चव्हाट्यावर

‘लपवण्यासारखे काही नसेल, तर जाहीर व्हायला भीती कसली?’ हा प्रश्न अलीकडे फार निरागस चेहऱ्याने विचारला जातो. विचारणारे बहुधा सज्जन असतात. मिस्साला नियमित येणारे, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला न चुकता पाठवणारे. त्यांचा युक्तिवाद असा, की विवाह ही चोरून करण्याची गोष्ट नव्हे. आपल्या चर्चमध्येसुद्धा वधूवरांची नावे लग्नाआधी वेदीवरून वाचून दाखवली जातात. मग सरकारी कार्यालयातल्या विवाहाची नोटीस, वधूवरांच्या नावापत्त्यासकट, कोणी मोबाइलवरून चार लोकांना पाठवली तर त्यात गैर ते काय? ती नोटीस तर सरकारनेच लावलेली, म्हणजे उघडच असलेली. उघड गोष्ट पुन्हा उघड केल्याने कोणता गुन्हा घडतो?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. एका ठरावीक कामासाठी, ठरावीक जागी ठेवलेली माहिती उचलून जगापुढे फेकणे ही निराळीच कृती आहे, असे माझे म्हणणे आहे. हा फरक आपल्या ख्रिस्तसभेने साडेचारशे वर्षांपूर्वी ओळखला. आपल्या न्यायालयांनी तो गेल्या दीड दशकात हळूहळू ओळखला. ओळखायचा राहिला आहे तो कायदे करणाऱ्यांनी, आणि दुर्दैवाने आपल्यापैकी पुष्कळांनी.

ज्या कायद्याखाली ही नोटीस निघते तो १९५४ चा विशेष विवाह कायदा. वधूवर दोन निराळ्या धर्मांचे आहेत आणि लग्नासाठी दोघांपैकी कोणालाही आपला धर्म सोडायचा नाही, अशा वेळी या देशात हा एक राजरस्ता आहे. या रस्त्याने जाणाऱ्यांत कॅथलिक मुलेमुलीही असतात, हे धर्मगुरू म्हणून मला ठाऊक आहे आणि आईवडील म्हणून तुम्हालाही ठाऊक आहे. या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिला असेल तेथील विवाह अधिकाऱ्याकडे दोघांनी नोटीस द्यायची. कायद्याला जोडलेल्या नमुन्यात नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, राहण्याचे ठिकाण, कायमचा पत्ता, तेथे किती काळ राहिले, असे सारे भरायचे. सहाव्या कलमानुसार अधिकाऱ्याने ती नोटीस वहीत उतरवायची, तिची एक प्रत कार्यालयातल्या ठळक जागी लावायची, आणि ती वही कोणाही इच्छुकाला वाजवी वेळी, फुकट पाहू द्यायची. सातव्या कलमानुसार तीस दिवसांच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो. ‘कोणीही’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. हरकत आली की चौकशी आणि चौकशीसाठी आणखी तीस दिवसांपर्यंतची मुदत. हरकत घेणाऱ्याने ती खोडसाळपणे घेतली असे ठरलेच, तर त्याला जास्तीत जास्त एक हजार रुपयांचा भुर्दंड. १९५४ साली एक हजार रुपये ही जबर रक्कम होती. आज तेवढ्यात एका कुटुंबाचे हॉटेलातले जेवण होत नाही.

आता हरकत कशावर घेता येते ते पाहू. चौथ्या कलमात अटी दिल्या आहेत. दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, दोघे संमती देण्याइतके सुबुद्ध असावेत, वर एकवीस वर्षांचा आणि वधू अठरा वर्षांची पूर्ण असावी, आणि दोघांत निषिद्ध नाते नसावे. एवढेच. ‘मुलगा आमच्या धर्माचा नाही’ ही हरकत कायद्यात कोठेही नाही. ‘आम्हाला विचारले नाही’ हीदेखील नाही. पण या नोटिशी ज्यांच्या हाती पडतात, त्यांना चौथ्या कलमाशी काही कर्तव्य नसते. त्यांना पत्ता हवा असतो.

१९५४ साली भिंतीवर कागद लावला तर तो वाचायला कोणाला तरी पायी, बसने, जिल्ह्याच्या कार्यालयापर्यंत जावे लागे. धुळकट फळ्यावरच्या शंभर कागदांतून तो एक शोधून काढावा लागे. कायद्याने दिलेली उघडीक आणि प्रत्यक्षातले अंतर यांचा असा एक नकळत समझोता होता. मोबाइलने तो मोडला. कार्यालयात काही कामाला गेलेला कोणी एक फळ्याचा फोटो काढतो आणि तासाभरात तो तीन तालुक्यांत पोहोचतो. कायद्याचे शब्द तेच राहिले, पण त्यांचे वजन बदलले.

केरळात तर सरकारनेच हे काम हाती घेतले होते. तेथील नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर या विवाहांच्या नोटिसा, पत्ते आणि फोटो यांच्यासकट टाकल्या जात. त्या उतरवून घेऊन काही मंडळींनी ‘लव्ह जिहाद’चा पुरावा म्हणून गावोगाव फिरवल्या. ज्यांची लग्ने अजून व्हायची होती अशा तरुण-तरुणींचे चेहरे आणि घराचे पत्ते अनोळखी लोकांच्या हाती गेले. एका जोडप्याने धीर करून जाहीर तक्रार केली, तेव्हा जुलै २०२० मध्ये राज्य सरकारने संकेतस्थळावर नोटिसा टाकणे थांबवले आणि कार्यालयाच्या फळ्यापुरतेच प्रदर्शन ठेवले. सरकारला हे थांबवता आले, म्हणजेच ते करणे कायद्याने कधीही बंधनकारक नव्हते. सहावे कलम ‘कार्यालयातली ठळक जागा’ म्हणते आणि वही ‘पाहू द्यावी’ म्हणते. साऱ्या जगाला प्रत द्यावी असे ते कोठेही म्हणत नाही.

हे केरळचे झाले. पण दूर कशाला जायचे? गतवर्षी मिस्सा संपल्यावर एक गृहस्थ साक्रिस्तीत आले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. अशाच एका नोटिशीचा फोटो होता. वधू कॅथलिक, आपल्या धर्मग्रामाची नव्हे. नोटिशीत फोन नव्हता, तो खाली कोणीतरी हाताने लिहिला होता. हा फोटो ज्या गटात फिरत होता, तो प्रार्थनेचा गट होता. गटातल्या एकाही माणसाने धमकीचा एक शब्द लिहिलेला नव्हता. प्रत्येकाने लिहिले होते : ‘हिच्यासाठी प्रार्थना करा.’ त्या दिवशी त्या मुलीला किती फोन गेले असतील आणि त्यांत प्रार्थना किती असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. गृहस्थांची मागणी अशी होती, की मी पुढच्या रविवारी वेदीवरून पालकांना सावध करावे, आणि उदाहरण म्हणून ते नाव घ्यावे. मी नकार दिला. त्यांनी तो फोटो माझ्यासमोर पुसला. पुसल्याने काय साधणार, हा प्रश्न मात्र त्यांच्याही मनात असावा असे वाटले.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. हे कायद्याला धरून आहे काय?

आधी सरकारपुरते बोलू. दिल्लीत विवाह अधिकारी या नोटिसा वधूवरांच्या घरी टपालाने पाठवत, पोलीस ठाण्यामार्फत पत्त्याची खातरजमा करून घेत. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. कायद्यात न सांगितलेली ही प्रसिद्धी खासगीपणावर आघात करते, आणि काही प्रसंगी लग्न मोडण्यापर्यंत, इतकेच काय पण जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने जाहीर केले. त्या हक्काला हात लावायचा तर तसा कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय उद्देशाच्या मानाने बेताचा हवा, अशी कसोटीही त्यातून मिळाली.

ही कसोटी लावून पाहण्याची वेळ लवकरच आली. मार्च २०२० मध्ये लखनौच्या रस्त्यांवर नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनातील आरोपींचे फोटो, नावे आणि पत्ते असलेले फलक सरकारने उभारले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि ९ मार्च रोजी ते उतरवण्याचा आदेश दिला, कारण असे फलक लावण्याचा अधिकार देणारा कोणताही कायदा सरकारला दाखवता आला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे स्थगिती न मिळता ते मोठ्या पीठाकडे सोपवले गेले, आणि इकडे राज्य सरकारने काही दिवसांतच अध्यादेश काढून नावे, पत्ते, फोटो प्रसिद्ध करण्याची सोय करून घेतली. ‘कायदा नाही ना? हा घ्या कायदा!’ असा तो प्रकार. नुसता कायदा असणे पुरेसे नाही आणि कसोटीची पुढची दोन अंगे का आवश्यक आहेत, हे यापेक्षा चांगले कोणी समजावून देऊ शकणार नाही.

मग १२ जानेवारी २०२१ चा निकाल. तोही अलाहाबादचाच. एका तरुणीने लग्नासाठी धर्म बदलला होता आणि वडिलांनी तिला अडकवून ठेवले होते. न्यायालयापुढे त्या दोघांनी सांगितले, की विशेष विवाह कायद्याचा मार्ग आम्हाला मोकळा होता, पण त्यात तीस दिवसांची नोटीस आणि लोकांच्या हरकती येतात, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. हे वाक्य प्रत्येक आईवडिलांनी आणि प्रत्येक धर्मगुरूने दोनदा वाचावे. ज्या कायद्यात दोघेही आपापल्या धर्मात राहू शकले असते, त्या कायद्याची नोटीसच एकाला धर्म सोडायला लावते! धर्मांतराच्या नावाने रोज गळा काढणाऱ्यांनी या नोटिशीवर कधी अवाक्षर काढले आहे काय? न्यायालयाने निर्णय दिला, की वधूवरांनी लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी. त्यांनी मागणी केली नाही, तर अधिकाऱ्याने ती प्रसिद्धही करू नये आणि हरकतीही स्वीकारू नयेत. वय, ओळख, संमती यांचे पुरावे मागायला अधिकारी मोकळाच आहे. धर्माच्या रूढीने होणाऱ्या लग्नांना सरकार अशी नोटीस मागत नाही, मग याच लग्नांना का, हा न्यायालयाचा सवाल आजही अनुत्तरित आहे.

तो निकाल उत्तर प्रदेशचा. देशभरासाठी तसा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये या कलमांविरुद्धची एक याचिका, याचिकाकर्ती स्वतः बाधित नाही या कारणावरून, फेटाळली गेली. बाधित कोण? तर जिची नोटीस लागली आहे ती. म्हणजे जिला नाव जाहीर होण्याची भीती आहे तिने आधी आपले नाव घेऊन देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहावे! त्याच सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात, २७ मार्च २०१८ रोजी, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्यांना संरक्षण द्या, त्यांच्यासाठी सुरक्षित निवासाची सोय करा, असे राज्यांना बजावले होते. सरकारने एका हाताने निवाऱ्याचे दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने घराचा पत्ता फळ्यावर टाचायचा, हा कारभार कोणत्या तर्कात बसतो? विधी आयोगानेही या तीस दिवसांच्या अडथळ्याबाबत २०१२ च्या २४२ व्या अहवालात आणि पुन्हा २०१८ च्या सल्लापत्रात फेरविचार सुचवला. संसद मात्र स्वस्थ आहे.

आता तुमच्याआमच्याविषयी. एखाद्या खासगी माणसाने दुसऱ्याचा पत्ता किंवा फोन जगजाहीर केला, तर तेवढ्याचसाठी नेमके कलम आपल्या फौजदारी कायद्यात नाही. ही गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण प्रतिपक्षाचे लोक तिच्याच आडोशाला उभे असतात. पण आडोसा वाटतो तितका मजबूत नाही. पत्ता देऊन ‘यांना धडा शिकवा’ म्हटले की धमकी आणि चिथावणीची कलमे लागतात. त्या नंबरवर एखाद्या स्त्रीला नको असताना वारंवार गाठणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली पाठलागाचा गुन्हा आहे. नुसते नाव छापणे हीच इजा असू शकते, हे तर आपल्या कायद्याने १९८३ पासून मान्य केले आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे तेव्हापासून शिक्षापात्र आहे. आणि ३ जानेवारी २०२३ रोजी, कौशल किशोर खटल्यात, घटनापीठाने बहुमताने असे म्हटले, की घटनेच्या एकोणिसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदातील हक्क केवळ सरकारविरुद्धच नव्हे, तर इतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. खासगीपणा एकविसाव्यात आहे. तेव्हा ‘आम्ही काही सरकार नाही’ ही पळवाट यापुढे तितकीशी रुंद राहिलेली नाही.

पण जेथे रुंद दार लावायला हवे होते तेथे आपल्या नव्या कायद्याने भगदाड ठेवले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची सवलत ठेवली गेली. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात दोन अपवाद आहेत. एक, कोणी व्यक्तीने आपल्या घरगुती वा वैयक्तिक कामासाठी वापरलेली माहिती. दुसरा, जी माहिती त्या व्यक्तीने स्वतः जाहीर केली आहे, किंवा जी कोणी कायद्याने बांधील असल्यामुळे जाहीर केली आहे. हा दुसरा अपवाद वाचा आणि फळ्यावरची नोटीस आठवा. अधिकारी ती कायद्याने बांधील म्हणूनच लावतो. म्हणजे ज्या जोडप्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच जोडप्याच्या पत्त्यावरून या कायद्याने आपली छत्री काढून घेतली! गंमत अशी, की याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले खासगी माहितीविषयीचे पोटकलम बदलून सरकारी सेवकांची माहिती झाकण्याची सोय मात्र वाढवली. साहेबांचे झाकायचे आणि वधूवरांचे टांगायचे.

‘मग आपल्या बॅन्सचे काय?’ हा प्रतिपक्षाचा हुकमाचा एक्का. तो त्यांच्यावरच उलटतो, म्हणून त्याकडे जरा निवांत पाहू.

लग्नाआधी वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर करण्याचा नियम सार्वत्रिक केला तो १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये तो पक्का केला. वधूवरांच्या धर्मगुरूने लागोपाठ तीन सणवारी मिस्साच्या वेळी नावे पुकारावीत असे ठरले. कारण काय होते? युरोपात चोरटी लग्ने फार होत. पुरुष एकीशी गुपचूप लग्न करून तिला टाकत आणि दुसरीशी उघडपणे लग्न लावत. म्हणजे हा नियम मुख्यतः फसवल्या जाणाऱ्या स्त्रीच्या रक्षणासाठी होता. पुकार कोठे व्हायची? जेथे लोक त्या दोघांना ओळखतात, त्या मंडळीत. फसवणूक ओळखीच्यांनाच कळणार. अनोळखी लाखभर माणसांना ती नावे कळून काय उपयोग?

आणि आता मुख्य गोष्ट. ट्रेंटच्या त्याच हुकमात पुढे एक तरतूद आहे. पुकारीमुळे कोणी दुष्टपणाने लग्नात अडथळा आणील असा सबळ संशय असेल, तर तीन ऐवजी एकच पुकार करावी, किंवा पुकारीशिवाय, धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर लग्न लावावे. बिशपांना योग्य वाटल्यास पुकार पूर्ण माफ करण्याची मुभाही दिली. सोळाव्या शतकातल्या, टीकाकार ज्यांना कर्मठ म्हणतात त्या धर्माचार्यांना हे सुचले, की प्रसिद्धी हे हत्यार आहे आणि ते दुष्टाच्या हाती पडू शकते. १९५४ च्या कायद्यात ही एक ओळ असती, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

१९८३ चा कॅनन कायदा याच वाटेने पुढे गेला आहे. बॅन्स घ्यावेत की चौकशीचे दुसरे मार्ग वापरावेत, हे १०६७ व्या कलमाने बिशपांच्या परिषदांवर सोपवले. १०६९ व्या कलमानुसार, लग्नातला अडथळा ज्याला ठाऊक असेल त्याने तो सांगितलाच पाहिजे. पण कोणाला? धर्मगुरूला किंवा बिशपांना. गटाला नव्हे, बाजाराला नव्हे. ११३० ते ११३३ या कलमांत तर गंभीर कारण असेल तेव्हा गुप्त विवाहाची सोय आहे. चौकशी गुप्त, विधी गुप्त, आणि नोंद बिशपांच्या गुप्त दप्तरातल्या वेगळ्या वहीत. आणि २२० वे कलम, जे सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडले. कोणाच्याही चांगल्या नावाला अन्यायाने धक्का लावू नये, आणि कोणाच्याही खासगीपणाच्या हक्कावर घाला घालू नये, असा त्याचा आशय आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घोषणा करण्याच्या चौतीस वर्षे आधी हे आपल्या धर्मकायद्यात होते. ते आपणच विसरावे?

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. मरिया गरोदर असल्याचे योसेफाला कळते, कारण अजून कळलेले नाही. कायदा त्याच्या बाजूने आहे, बोभाटा करण्याचा अधिकार त्याला आहे. शुभवर्तमानकार त्याला ‘नीतिमान’ म्हणतो आणि लगेच सांगतो, की तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गुपचूप वेगळे होण्याचे ठरवले. नासरेथ हे चिमुकले खेडे. तेथे सर्वांना सर्वांचे घर माहीत. तरीसुद्धा तो गप्प राहिला.

येथे आईवडिलांची बाजू मी विसरलेलो नाही. लाडाने वाढवलेली लेक एके दिवशी निघून जाते आणि तिच्या लग्नाची बातमी बाहेरच्याकडून कळते, हे दुःख मी साक्रिस्तीत, स्वयंपाकघरात, कुमसाराच्या जाळीपलीकडे पाहिले आहे. या दुःखाची कोणी थट्टा करू नये. मुलगा फसवणारा असेल, आधीच विवाहित असेल, ही भीतीही खोटी नसते. पण त्यासाठी कायद्याने मागायला हवीत ती कागदपत्रे. जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, घटस्फोटाचा हुकूमनामा. खोटे लिहून देणाऱ्याला शिक्षा आहेच. दोन अनोळखी तालुक्यांतल्या टोळक्याला मुलीचा पत्ता कळल्याने तो मुलगा विवाहित आहे की नाही, हे कसे समजणार? आणि ज्या बापाला लेक परत घरी यावीशी वाटते, त्याने तिच्या दाराशी अगोदर जमाव पाठवू नये.

याहून कटू बोलायचे आहे. जानेवारी २०२० मध्ये सीरो-मलबार धर्मसभेच्या सिनॉडने ख्रिस्ती मुली ‘लव्ह जिहाद’च्या बळी ठरत असल्याचे निवेदन काढले. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिले, की या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांनी असे एकही प्रकरण नोंदवलेले नाही. सिनॉडच्या हेतूवर मी शंका घेत नाही, चिंता मेंढपाळाचीच होती. पण चिंतेचे निवेदन आपल्या गटांत येईपर्यंत त्याची यादी झालेली असते, आणि यादीत नावे व फोन असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने असे विवाह केलेल्या जोडप्यांची आणि त्यांच्या माहेरची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली. आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही, मग काही दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गळला. तेव्हा आपल्यातल्या किती जणांना खटकले? पुष्कळांना बरेच वाटले.

आणि हेच लोक धर्मांतरबंदीच्या कायद्यांविरुद्ध सभा घेतात! योग्यच आहे, मीही त्या सभांत बोललो आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदललेल्या माणसाने साठ दिवसांत जन्मतारीख, पत्ता, वडिलांचे वा पतीचे नाव, जुना धर्म, नवा धर्म लिहून द्यायचा आणि जिल्हाधिकाऱ्याने ते फलकावर लावायचे, अशी तरतूद केली गेली. आपण म्हणतो, हा जुलूम आहे. हिमाचल प्रदेशाच्या २००६ च्या कायद्यात धर्मांतराआधी तीस दिवसांची नोटीस होती. इव्हॅंजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही संस्था न्यायालयात गेली आणि ३० ऑगस्ट २०१२ रोजी उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आपली श्रद्धा आपल्यापाशी ठेवण्याचा माणसाला हक्क आहे आणि नोटिशीने त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, हेच तर त्या निकालाचे सूत्र. त्या दिवशी आपण टाळ्या वाजवल्या. मग तीस दिवसांची तीच नोटीस, तोच पत्ता, तोच फलक, फक्त लग्न करणाऱ्या मुलीचा असला की आपल्याला का चालतो? बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर झाकायचे आणि नोंदणीने लग्न करणारीचे उघडायचे, असा दुटप्पी व्यवहार करणाऱ्या समाजाची बाजू कोणते न्यायालय मनापासून ऐकेल?

संसदेने सहावे आणि सातवे कलम बदलावे, निदान अलाहाबादचा पर्याय साऱ्या देशाला द्यावा, आणि २०२३ च्या कायद्यातल्या त्या अपवादातून या नोटिसा वगळाव्यात, अशी मागणी आपल्या संघटनांनी बिशपांच्या मार्फत केली पाहिजे. तोवर आपल्या अंगणातली झाडलोट आपणच करायची आहे. धर्मग्रामाच्या कुटुंबांची यादी, फोनसकट, गटांत फिरवू नये. आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागताना रोगाचे नाव आणि घरक्रमांक यांची देवाला गरज नसते. दुसऱ्याच्या लग्नाची नोटीस हाती आली तर ती आपल्यापाशी थांबवावी. आणि आपल्याला खरोखरच एखादा अडथळा ठाऊक असेल, तर चर्चमधल्या लग्नासाठी १०६९ वे कलम आहे, माझे दार उघडे आहे. सरकारी लग्नासाठी विवाह अधिकारी आहे, त्याच्याकडे स्वतःच्या सहीने जावे.

आमच्या धर्मग्रामाच्या साप्ताहिक पत्रकात यापुढे बॅन्सखाली वधूवरांची नावे, त्यांची धर्मग्रामे आणि लग्नाचा महिना एवढेच छापले जाईल. पत्ता नाही, नोकरीचे ठिकाण नाही, फोटो नाही. पत्रक कागदावरच निघेल आणि चर्चच्या दाराशीच मिळेल. ज्या जोडप्याला भीतीचे कारण आहे त्यांनी ते अर्जावर लिहू नये. संध्याकाळच्या मिस्सानंतर मला येऊन सांगावे. बॅन्समधून सूट मागणारे पत्र मी स्वतः बिशप हाउसला घेऊन जाईन.